घोटा, पीआरपी आणि दुखण्याची वही

गुडघेदुखीला आपल्याकडे मान आहे. जत्रेला देवळाच्या पायऱ्या हात टेकत चढणारी बाई दिसली की चारजणी सरकून जागा देतात आणि पाचवी तेलाचं नाव सांगते. घोटा दुखतो म्हटलं की मात्र एकच प्रश्न येतो, "मुरगळला काय?" मुरगळलेला घोटा पंधरा दिवसांत बरा होतो, त्यामुळे सोळाव्या दिवशी सहानुभूतीही संपते. माझा उजवा घोटा गेली काही वर्षं रोज दुखतोय. मी फोंडा तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणजे दिवसाचे पाच-सहा तास उभी असते.

मूळ दुखणं जुनं आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात सासरच्या कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) पाटाच्या कडेने उतरताना शेवाळलेल्या चिऱ्यावरून पाय गेला आणि घोट्याचे आतले-बाहेरचे दोन्ही उंचवटे मोडले. प्लेट बसली, स्क्रू बसले, प्लास्टर निघालं, आणि मी चवथीला फुगडी घालण्याइतकी बरी झाले. त्यानंतर कित्येक वर्षं त्या पायाची आठवणही नव्हती. मग हळूहळू सकाळची पहिली पावलं जड जायला लागली. आदोळीवर बसून नारळ खवणताना टाच जमिनीला टेकेनाशी झाली. कदंबा बसची पायरी उतरताना मी कंडक्टरच्या सीटचा दांडा धरायला लागले.

गुडघा आणि खुबा वयाने झिजतात, घोट्याचं तसं नाही. घोट्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या, म्हणजे सांध्याच्या झिजेच्या, दहा रुग्णांपैकी सात-आठ जणांत मूळ कारण जुनी मोड किंवा वारंवार मुरगळणं हेच असतं. मला हे ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पटेना. माझी हाडं तर नीट जुळली होती! त्यावर त्यांनी एका जुन्या प्रयोगाचा दाखला दिला. 1976 साली रॅमसे आणि हॅमिल्टन या दोघांनी मृत व्यक्तींच्या घोट्यांवर मोजमाप केलं होतं. टॅलस हे मधलं हाड बाहेरच्या बाजूला फक्त 1 मिलिमीटर सरकवलं तर वरच्या हाडाशी त्याचा टेकण्याचा पृष्ठभाग सरासरी 42 टक्क्यांनी घटतो, असं त्यांना आढळलं. एक मिलिमीटर म्हणजे आमच्या तिसरीच्या मुलांच्या पट्टीवरची सगळ्यात छोटी रेघ. तेवढ्या फरकाने सगळा भार थोड्याशा जागेवर येतो, आणि चालताना घोट्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे पाचपट भार पडत असतो. घोट्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, जेमतेम एक ते दीड मिलिमीटर जाडीची. तिला रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे झिजली की ती स्वतःहून भरून येत नाही. शिवाय मोडतानाच्या दणक्याने काही पेशी तेव्हाच मेलेल्या असतात. त्याचा हिशेब वीस वर्षांनी येतो.

माझ्याकडे एक्स-रेचा गठ्ठा होता. ते सगळे टेबलावर आडवं झोपवून काढलेले, आणि त्यांत सांध्याची फट बऱ्यापैकी दिसत होती. डॉक्टरांनी ते बाजूला ठेवले. "बाई, उभ्याने काढलेला आणा. दोन्ही पायांवर भार देऊन." उभ्याने काढलेल्या फिल्ममध्ये आतल्या बाजूची फट जवळजवळ मिटलेली होती आणि पुढच्या कडेला हाडाची चोच वाढली होती. टाच टेकत नव्हती ती त्या चोचीमुळे. एक्स-रेवरून झीज ठरवायच्या केलग्रेन-लॉरेन्स मोजणीत तिसरी पायरी. चौथीच्या पुढे पायरी नाही. घोटा दुखतो म्हणून कुणी डॉक्टरकडे निघालं की मी आता एवढंच सांगते, एक्स-रे उभ्यानेच मागून घ्या.

दुखण्याची बातमी घरात पसरली आणि सल्ले सुरू झाले. सासूबाईंचा हळदीचा लेप, शेजारच्या वहिनींचं माशाचं तेल, माझ्या सहकाऱ्याच्या भावाने गुडघ्यात घेतलेलं जेलचं इंजेक्शन. ते जेल म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिड, पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढायचे. गुडघ्यासाठी ते बरंच वापरलं जातं, पण अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएची मान्यताही गुडघ्यापुरतीच आहे, घोट्यात ते डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात. मोठ्या नणंदेने मात्र थेट व्हॉट्सॲपवर जाहिरात पाठवली. पणजीत एका हॉटेलात शिबिर, गोव्याबाहेरून येणारे तज्ज्ञ, 'शस्त्रक्रियेविना सांध्यांचं पुनरुज्जीवन', नोंदणी मोफत.

गेले. चहा चांगला होता. पडद्यावर उपचारापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन एमआरआय शेजारी शेजारी दाखवले आणि वक्ते म्हणाले की घोट्यातही अगदी असाच परिणाम मिळतो. त्या चित्रात गुडघ्याची वाटी स्वच्छ दिसत होती. मी हात वर करून विचारलं, घोट्याचं चित्र आहे का? "सांधा हा सांधाच असतो, मॅडम," असं उत्तर मिळालं. बाहेर टेबलावर पॅकेजं मांडली होती: पीआरपी (आपल्याच रक्तातून काढलेला, भरपूर प्लेटलेट असलेला प्लाझ्मा), बोन मॅरो (हाडातली मज्जा), स्टेम सेल (ज्यांपासून दुसऱ्या पेशी घडतात त्या मूळ पेशी), आणि सगळ्यांत वर तिन्ही एकत्र. वरच्या पॅकेजचा आकडा लाखांत होता आणि आजच ठरवलं तर सवलत होती. माझ्या शेजारी कुडचड्याहून आलेली एक वृद्ध बाई मुलाला विचारत होती, हप्त्याने देता येतात काय.

घरी येऊन मी भाचीला बोलावलं. ती फार्मसीला आहे आणि इंग्रजी शोधनिबंध वाचायची तिला सवय आहे. दोन रविवार आम्ही दोघी बसलो. "मावशी, ह्यात घोट्यावरचं चांगलं काम फार थोडं आहे. सगळं गुडघ्यावर," हे तिचं पहिलं वाक्य. आणि मग तिला तो डच अभ्यास सापडला.

नेदरलँड्समध्ये घोट्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या 100 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सहा आठवड्यांच्या अंतराने पीआरपीची दोन इंजेक्शनं, दुसऱ्याला तशीच दोन, पण नुसत्या सलाइनची. म्हणजे मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. 26 आठवड्यांनी घोट्याचा स्कोअर मोजला, शून्य ते शंभर, जास्त गुण म्हणजे घोटा जास्त बरा. किमान 12 गुणांचा फरक असला तर त्याला अर्थ आहे, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. पीआरपीवाल्यांचा स्कोअर सरासरी 10 ने वाढला, मिठाच्या पाण्यावाल्यांचा 11 ने. 2021 मध्ये हे जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलं. वर्ष उलटल्यावर त्याच रुग्णांना पुन्हा तपासलं, तेव्हाही दोन गटांत फरक नव्हता.

भाची हसायला लागली. मला हसू आलं नाही. मी त्या 11 कडेच बघत बसले. मिठाच्या पाण्याने 11 गुण मिळतात म्हणजे काय? ते रुग्ण खोटं तर बोलत नसणार.

तो निबंध छापून मी डॉक्टरांपुढे ठेवला. ते रागावतील असं वाटलं होतं, तर ते म्हणाले, "वाचलाय मी. माझ्याकडे याच्याविरुद्ध दाखवण्यासारखं काही नाही." मग बराच वेळ बोलले. स्टेम सेलवर ते ठाम होते. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच द्यायच्या. 2022 मध्ये बेंगळुरूच्या एका कंपनीच्या, दात्याच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या पेशींना मान्यता मिळाली खरी, पण ती गुडघ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी. "घोट्यासाठी कुणी विकत असेल तर कागद मागा." कमरेच्या हाडातून मज्जा काढून ती घट्ट करून सांध्यात घालण्याबद्दलही त्यांना उत्साह नव्हता. कूर्चेच्या पेशी बाहेर वाढवून परत बसवतात, त्याविषयी मी विचारलं. ते तरुण माणसाच्या कूर्चेत एखादा खड्डा पडला असेल आणि भोवतालची जमीन शाबूत असेल तर. माझ्या घोट्यात भोवतालची जमीनच उरलेली नव्हती.

"मग करायचं काय?"

"दोन गोष्टी. बूट आणि पोटऱ्या. सहा आठवडे ते करा आणि रोज दुखण्याला आकडा द्या. शून्य ते दहा. वहीत लिहा. मग पीआरपीचं बोलू."

वही शाळेचीच, दुरेघी. तीन रकाने आखले: सकाळची पहिली पावलं, शाळा सुटताना, रात्री झोपताना. पहिल्या आठवड्यात शाळा सुटतानाचा आकडा सहा-सातच्या खाली आला नाही.

बुटांचं प्रकरण मला वाटलं होतं त्यापेक्षा रंजक निघालं. रॉकर सोल म्हणतात त्याला. तळवा पुढच्या बाजूला वर वळलेला असतो, त्यामुळे पाऊल टाकल्यावर बूटच पुढे कलंडतो आणि घोट्याला वाकावं लागत नाही. तयार मिळाले ते माझ्या पायाला रुंद होत होते. शेवटी फोंड्याच्या बाजारातल्या चांभाराकडे बसून जुन्या बुटाखाली रबराचा थर चिकटवून घेतला. तो आधी तयार नव्हता; बुटाची टाच आणि टोक दोन्ही जमिनीपासून सुटलेली बघून म्हणाला, "हा बूट बिघडवल्यासारखा दिसेल, माझं नाव नका सांगू कोणाला." मग मी चालून दाखवल्यावर त्याला गंमत वाटली. त्याने मधला उंचवटा टाचेच्या दिशेने थोडा मागे सरकवून दिला आणि ते बरोबर बसलं. घरात मात्र अडचण. आमच्या सासूबाईंना घरात चप्पल खपत नाही आणि नुसत्या लादीवर अनवाणी चाललं की संध्याकाळी आकडा वर जातो. कोरी चप्पल आणली, ती दाराबाहेर कधीच नेली नाही, तेव्हा कुठे स्वयंपाकघरापर्यंत परवानगी मिळाली. देवघरात अजून नाही.

फिजिओथेरपिस्टने ओट्याची कड धरून टाचा उचलायला लावल्या, रबराचा पट्टा पावलाला अडकवून चारी दिशांना ओढायला लावलं, दात घासताना एका पायावर उभं राहायला सांगितलं. शाळेत लेसचा ब्रेस. आणि काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या उलट्या बाजूला, हे मला तोवर माहीत नव्हतं. सहाव्या आठवड्याला शाळा सुटतानाचा आकडा पाचवर आला होता, कधी साडेचार.

मग मी पीआरपी घेतलं. डच निबंध वाचून, समजून घेतलं. ऑपरेशन एवढ्यात नको होतं, रक्त माझंच असल्याने धोका कमी होता, आणि पैसे पाच आकडी असले तरी माझ्या कमाईतले होते. डॉक्टरांनी हातचं काही राखलं नव्हतं. "मिळाले तर मिठाच्या पाण्याएवढेच गुण मिळतील, असं धरून चला," हे त्यांनी संमतीपत्रावर सही घेण्याआधी पुन्हा सांगितलं. भाची दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

आधी रक्ततपासणी झाली. प्लेटलेट सर्वसाधारणपणे दीड ते साडेचार लाख असतात, माझे त्यात बसले. आदल्या आठवड्यापासून वेदनाशामकं बंद, कारण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ही सगळी प्लेटलेटचं काम मंदावतात. पॅरासिटामॉल चालतं. नणंदेने दिलेल्या 'आयुर्वेदिक' मलमाची ट्यूब डॉक्टरांनी उलटी करून वाचली, तर त्यातही डायक्लोफेनॅक निघालं.

त्या दिवशी भरपूर पाणी पिऊन गेले. कोपराच्या शिरेतून जाड सिरिंज भरून रक्त काढलं आणि ते नळ्यांमध्ये सोडलं. नळ्यांच्या तळाशी आधीच थोडं सायट्रेट होतं, रक्त गोठू नये म्हणून. टेक्निशियन मुलगा पेडण्याचा, वयाने माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढा. त्याने सेंट्रिफ्यूजच्या एका खाचेत माझी नळी ठेवली, बरोबर समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी ठेवली आणि झाकण लावलं. समोर वजन नसेल तर यंत्र थडथडतं, म्हणाला. काही मिनिटं घूं आवाज. मग त्याने नळी उजेडात धरली. खाली अर्ध्याच्याही जरा कमी उंचीवर गडद लाल, वर पिवळसर पाणी, आणि दोहोंच्या सीमेवर एक पातळ पांढुरकी रेघ. पांढऱ्या पेशी त्या रेघेत असतात. सांध्यात त्या कमी गेलेल्या बऱ्या, असं पुष्कळ डॉक्टर मानतात. आमच्या डॉक्टरांनी ती रेघ सोडून वरचं पिवळं तेवढं खेचून घेतलं. ते दुसऱ्या नळीत घालून पुन्हा फिरवलं. आता वरचा भाग टाकून दिला आणि तळाशी राहिलेलं दोन-तीन मिली घेतलं. एवढ्या रक्तातून एवढंसं! मुलाला विचारलं, "नेहमी इतकंच निघतं काय रे?" तर म्हणाला, "बाई, इतकंच लागतं. सांध्यात जागा तरी कुठे आहे?"

टेबलावर आडवी झाले. घोट्यावर गार जेल, त्यावर सोनोग्राफीचं यंत्र. पडद्यावर हाडांच्या कडा चकचकीत पांढऱ्या आणि त्यांच्यामध्ये एक काळी, अरुंद फट. एक्स-रेत दिसलेली चोच इथेही होती. "अंगठा आणि पाऊल वर ओढा," डॉक्टर म्हणाले. पावलाच्या पुढच्या बाजूला दोरीवजा शीर वर आली. त्या स्नायुबंधाच्या आतल्या बाजूने सुई जाणार. कातडी बधिर केली, पण सांध्याच्या आत बधिरीचं औषध घालणार नाही म्हणाले, कारण त्यातली काही औषधं कूर्चेच्या पेशींना सोसत नाहीत. सुई पडद्यावर तिरकी रेघ होऊन आत आली. फटीत शिरली तेव्हा टोचलं नाही, पण प्लाझ्मा जायला लागला तसा आतून कुणी फुगा फुगवत असल्यासारखा ताण आला. मी टेबलाची कड धरली. मिनिटभरात संपलं.

पहिल्या दोन रात्री वाईट होत्या. पॅरासिटामॉल, उशीवर पाय आणि पेज. नवऱ्याने रोज स्कूटरवरून शाळेत सोडलं, तेही वर्गाच्या दारापर्यंत, मुलांना भारी मजा. चौथ्या-पाचव्या दिवशी ताण उतरला. दुसरं इंजेक्शन सहा आठवड्यांनी, डच वेळापत्रकाप्रमाणेच.

आता वहीतले आकडे. पहिल्या इंजेक्शननंतर थोडे दिवस आठ, मग पाच, मग चार. दुसऱ्यानंतर तीन. मे अखेरीस दोन-तीन दिवस सलग दोन. मी खूश होऊन वही भाचीला दाखवली. तिने पानं उलटली आणि विचारलं, "मावशी, मे महिन्यात शाळा होती का?"

नव्हती. मे महिना सुट्टीचा, मी दुपारी झोपत होते. जूनमध्ये शाळा सुरू झाली, पाऊस आला, मुलांचे ओले रेनकोट दारात टांगायला खाली वाकणं आलं, आणि शाळा सुटतानाचा आकडा पुन्हा साडेतीन-चारवर जाऊन थांबला. सहा-सातवरून चार हे मला खोटं वाटत नाही. पण त्यातलं बुटाचं किती, पोटऱ्यांचं किती, सुट्टीचं किती, आणि त्या पिवळ्या दोन-तीन मिलीचं किती, हे माझ्या वहीतून निघत नाही. शिवाय हे दुखणं मुळातच चढउताराचं. माणूस इंजेक्शन घ्यायला जातो तो चढावर असतानाच. त्यानंतर उतार येणार तो येणारच. सलाइनवाल्यांच्या 11 गुणांपैकी काही तरी तिथलेच असणार. डॉक्टरांना वही दाखवली तर ते म्हणाले, "एका माणसाच्या वहीतून कळलं असतं तर शंभर माणसं कशाला लागली असती?" सहा महिन्यांनी पुन्हा उभ्याने एक्स-रे काढला. फट होती तेवढीच.

तिसरं इंजेक्शन मी घेतलं नाही. त्यांनीही सुचवलं नाही.

नणंद मात्र स्टेम सेलवर अडून बसली. "वहिनी, पीआरपी म्हणजे साधं. स्टेम सेलने नवीन गादी तयार होते, माझ्या मैत्रिणीच्या दिराला झाली." शेवटी तिच्यासमोरच त्या शिबिरवाल्यांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. विचारलं, तुमच्या पेशींना घोट्यासाठी मान्यता आहे का? उत्तर आलं, मॅडम, आमचे हजारो पेशंट समाधानी आहेत. मग विचारलं, ही चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला नंबर द्या. तो मेलने पाठवतो म्हणाले. आणि चाचणीच असेल तर माझ्याकडून लाखांत पैसे कसे घेता? "सीनियर डॉक्टर कॉलबॅक करतील." सीनियर डॉक्टरांचा फोन अजून यायचाय. नणंद थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मेडिक्लेममध्ये बसत असेल तर?" पॉलिसी काढली. आधुनिक उपचारांच्या यादीत स्टेम सेल होतं, पण पुढे लिहिलेलं होतं: रक्ताच्या आजारांत अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी. घोट्याचं नावही नाही. तो विषय आमच्या घरात तिथे संपला. तिच्या घरात संपला असेल असं वाटत नाही.

चवथीला माटोळी बांधायला मी खुर्चीवर बसून सुतळी देत होते. फुगडीच्या वेळी जावेने हात धरून ओढलं, मी दोन फेऱ्या घातल्या आणि रात्री वहीत सहा लिहिला.

पुढचं ठरवायला आता सुरुवात केली आहे. पर्याय तीन. एक, पायाभोवती बाहेरून कड्यांची चौकट लावून सांधा साधारण 5 मिलिमीटर ताणून ठेवायचा, तीनेक महिने. हेही डच लोकांनीच पुढे नेलेलं. पण चौकटीतल्या तारांच्या छिद्रांत जंतुसंसर्ग होतो, आणि पावसाळ्यात कुळागरातल्या घरात ते सांभाळणं मला झेपणार नाही. उरले दोन: सांधा कायमचा जोडून टाकायचा किंवा कृत्रिम सांधा बसवायचा. ब्रिटनमध्ये 2022 साली या दोहोंची तुलना जाहीर झाली, 50 ते 85 वयाच्या 303 रुग्णांवर. वर्षभरानंतर दोन्हीकडे रुग्ण बरेच सुधारले होते आणि मुख्य मोजमापात ठाम फरक निघाला नाही. जोडलेल्या घोट्याचा ताण वर्षानुवर्षं शेजारच्या सांध्यांवर जातो. कृत्रिम सांधा सैल होऊ शकतो, मग पुन्हा टेबलावर.

डॉक्टरांच्या ओळखीने डिचोलीचे एक निवृत्त ड्रायव्हर भेटले. त्यांचा घोटा जोडून बरीच वर्षं झालीत. त्यांनी मला अंगणात चालून दाखवलं. कोणता पाय ते मला ओळखता आलं नाही. उकिडवं बसता येत नाही, चढणीच्या वाटेवर पाऊल आडवं टाकावं लागतं, पण दुखत नाही म्हणाले, आणि दुखत नाही हे त्यांनी तीनदा सांगितलं. बुटाखाली त्यांचाही रॉकर. कुठून करून घेतला विचारलं तर फोंड्याचा तोच चांभार.

माझं मन जोडण्याकडे झुकतंय. डॉक्टर म्हणतात घाई नाही, वहीतला आकडा चारवर आहे तोवर थांबा. मी मनाशी पुढच्या एप्रिलची अखेर धरली आहे. मुख्याध्यापिकेला मात्र फेब्रुवारीतच सांगून ठेवायला हवं, कारण सहा ते आठ आठवडे पायावर भार नाही म्हणजे मे संपून जून उजाडणार, आणि जूनमध्ये पहिलीच्या वर्गाला बदली शिक्षिका मिळवणं हे घोटा जोडण्यापेक्षा अवघड काम आहे.